उपडा ग्लास

काल गारखेड्यातल्या हॉटेलात एका टेबलावर स्टीलचा ग्लास उपडा ठेवलेला दिसला आणि मी हातातला घास परत ताटात ठेवला. लहानपणी टेबल कुणासाठी राखलं असल्याची तीच खूण असायची.

तेव्हा एकदा हॉटेलात जेवायला गेलो असताना वडिलांनी तसा ग्लास सरळ केला, त्यात पाणी ओतलं आणि आम्ही बसलो. वडील तहसिलीतले साहेब, म्हणून वेटरनं मुकाट ताटं मांडली. थोड्या वेळानं खुलताबादहून म्हातारं जोडपं आलं. टेबल त्यांचं होतं. वडील उलट वेटरवरच खेकसले, "लई ढिली सर्व्हिस हाय तुमची!"

मी घाईनं घास कोंबायला लागले. त्या जोडप्यातल्या आजी हसून म्हणाल्या, "सावकाश जेव गं माय. आमाला घाई नाय."

आजोबा भिंतीला टेकून उभेच होते. आणि मी खरंच सावकाश जेवले.