डोळे काढणारा हात

कसबा पेठेतल्या गणपतीच्या कारखान्यात इंदुबाई बावीस वर्षं देखरेख करतात. मूळच्या वर्ध्याकडच्या. ब्रश त्यांनी एकदाही धरलेला नाही, पण ब्रशवाल्यांना सांभाळावं ते त्यांनीच. कलाकार म्हणजे काय एकेक वल्ली असतात, हे त्यांना विचारा. एकाला रेडिओ लावल्याशिवाय सोनेरी रंग हातात घेववत नाही. दुसऱ्याला ‘छान झालंय’ म्हटलं की तो बिथरतो आणि रंगवलेली सोंड पुन्हा घासायला घेतो. त्याला इंदुबाई फक्त ‘बरंय’ म्हणतात.

डोळ्यांची आखणी मात्र जुन्या कारागिराची, धोंडिबांची. डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे आणि एका हंगामातले सगळे डोळे एकाच हाताचे, ही तिथली रीत. धोंडिबा आखणीला बसले की कारखान्यात कोणी शिंकतसुद्धा नाही.

यंदा मात्र काम रेंगाळलं. दिवसाला दहा मूर्ती करणारे धोंडिबा चारावर आले. चतुर्थी आठ दिवसांवर, साठ मूर्ती डोळ्यांविना, आणि गिऱ्हाइकांचे फोन तर थांबेचनात. धोंडिबा अर्ध्या दिवसाच्या रजेवर गेले तेव्हा इंदुबाईंचा धीर सुटला. बावीस वर्षांत केली नव्हती ती चूक त्यांनी केली. शिकाऊ पायलकडून सहा मूर्तींचे डोळे काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी धोंडिबांनी त्या सहाही मूर्ती निरखल्या. “वा! छानच सोय झाली. आता आम्ही घरी बसायला मोकळे,” म्हणाले आणि पिशवी उचलून चालते झाले.

पायल रडायला लागली. “चूक माझी आहे. तू तोंड धुऊन ये,” असं तिला सांगून इंदुबाईंनी येरवड्याला धोंडिबांच्या घरी जायला रिक्षा पकडली.

धोंडिबांनी दार उघडलं, पण ‘या’ म्हटलं नाही. त्यांच्या बायकोनं, गोदाबाईंनी, चहा आणला. धोंडिबांनी कप उचलला तो हात असा थरथरला, की अर्धा चहा बशीत. त्यांनी घाईघाईनं कप ठेवला आणि खिडकीकडे बघत बसले. इंदुबाईंच्या लक्षात आलं. माणूस रागावला नव्हताच, घाबरला होता. कोणाला कळायच्या आत त्याला मानानं निघून जायचं होतं.

इंदुबाईंनी हाताचं नावही काढलं नाही. “पोरीचे डोळे कसे झालेत?” त्यांनी विचारलं.

“डावी पापणी जड झालीय. गणपती नुकताच झोपेतून उठलाय.”

“हो का? मला तर सहाही सारखेच दिसले.”

“सारखे? अहो, चौथा चक्क तिरळा बघतोय!” धोंडिबा उखडले आणि चपला शोधायला लागले.

पुढचा आठवडा ते पायलच्या मागे स्टूल टाकून बसले, हाताची घट्ट घडी घालून. “श्वास धर. हां, आता ओढ. पापणीला घाई नको गं.” आधीच्या सहा मूर्तींचे डोळे पायलनं पुसून पुन्हा काढले. हंगामातल्या उरलेल्या मूर्तींना दुसरा हात लागला आणि रीत मोडली, पण गिऱ्हाइकांना त्याचा पत्ताही लागला नाही. धोंडिबा तर ऐन गर्दीत शीळ घालत होते.

शेवटची मूर्ती वाजतगाजत गेली तेव्हा रिकाम्या फळ्यांसमोर दोघंच उरले.

“इंदुबाई, माझ्या हाताचं तुम्हाला कळलं होतं ना?”

“कळलं होतं.”

“तरी मला परत न्यायला आलात?”

“आखणारा हात शिकवून तयार होतो हो. तिरळा डोळा लांबून ओळखणारं माणूस मी कुठून आणू?”

धोंडिबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

“गणपतीच्या सुट्टीनंतर सकाळी नऊला येतो मग.”

“साडेआठला या,” इंदुबाई म्हणाल्या. “पायल आठलाच येऊन बसते.”