मशीन सोडून बाकीचं

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी हुसेन शिकलगार आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये उकिडवा बसून छिन्नीवर हातोडी मारत होता. समोर सकाळी आणलेला माल होता: एक फ्रीज, दोन मिक्सर, पाण्याचा फिल्टर आणि चाकं असलेला, गुडघ्याच्या वर येणारा एक करडा डबा. डब्याचं कव्हर निघालं होतं, वायर मुळातून छाटली होती. आत छोटा कॉम्प्रेसर आणि ॲल्युमिनियमची दोन नळकांडी होती. पहिलं उभं चिरलं तर आतून साबुदाण्यासारखे पांढरे दाणे भळाभळा सांडले. दुसऱ्यातही तेच.

"कसला कूलर म्हणायचा ह्यो?" बायको सलिमा म्हणाली. "खडी भरलीया आत."

"मोठ्या लोकांचं काय सांगावं. त्यांच्यात वारं गाळायलाबी यंत्र असतंय."

तो हसला. ती हसली नाही.

चोपन्न वर्षांचा हुसेन सव्वीस वर्षं राजारामपुरीच्या गल्ल्यांतून जुनी विजेची उपकरणं गोळा करतो. आधी हातगाडी होती, आता तीनचाकी टेम्पो आहे. कुणाच्या घरी ओट्याची फोडाफोड सुरू झाली की त्याला फोन येतो. नव्या ट्रॉल्या बसल्या की कालपर्यंत चालणारा फ्रीज माणसांना डोळ्यांसमोर नको होतो. हुसेनची कामाची एक रीत आहे. आणलेल्या वस्तूची वायर तो पहिल्यांदा कापतो. वायर कापलेली वस्तू कुणी परत मागत नाही.

सकाळी तो चौगुल्यांकडे गेला होता. आत फरशीचा कटर किंचाळत होता. सून तेजस्वीनं नाकाला पदर लावून दारातूनच ओरडून सांगितलं, "हुसेनभाई, मशीन तेवढं सोडा, बाकीचं व्हरांड्यातलं सगळं घेऊन जावा!" व्हरांड्यात जुनं वॉशिंग मशीनही होतं. एवढा जड माल का ठेवतायत, याचं हुसेनला नवल वाटलं. पण सांगितल्याप्रमाणे त्यानं ते सोडलं आणि चादरीखालच्या डब्यासकट बाकीचं टेम्पोत चढवलं.

बारा पंचवीसला फोन वाजला.

"हुसेनभाई, मशीन न्हेलंसा व्हय?"

"न्हाई की, वहिनी. ठेवलंय तुमच्या व्हरांड्यात."

"ते कपड्याचं! ते तर न्यायचंच होतं. आमच्या आबांचं मशीन कुठं हाय?"

"कसलं मशीन?"

"ऑक्सिजनचं. चाकाचं. त्याच्यावर श्वास चालतोय त्यांचा!"

हुसेननं जमिनीकडे बघितलं. सलिमा दाणे झाडूनं एका जागी करत होती.

"धूळ जाईल म्हणून बाहेर ठेवलंतं," तेजस्वी सांगत होती. "आबा मागच्या खोलीत सिलिंडरवर हायत. तो तीनपर्यंत पुरंल. लौकर आणा."

"आणतो," हुसेन म्हणाला.

चौगुल्यांच्या घरात चार वर्षं मशीन या शब्दाला एकच अर्थ होता. गणपतराव चौगुल्यांनी एकतीस वर्षं फाउंड्रीत साचे भरले. वाळूची बारीक धूळ छातीत बसली आणि फुप्फुसं निबर झाली. तेव्हापासून नाकातली नळी आणि त्या डब्याची घरघर. घरात कुणी "मशीन बघा" म्हटलं की वॉशिंग मशीन कुणाच्या मनातही येत नसे.

सलिमानं दाणे सुपात भरले. "घाला की माघारी."

हुसेननं ते नळकांड्यांत ओतले, चिरांवर एमसील लिंपलं, वायर पिळून जोडली आणि बटण दाबलं. कॉम्प्रेसर सुरू झाला. लिंपण भसकन सुटलं, दाणे उडाले, लाल दिवा लागला आणि डबा एकसुरी ओरडू लागला. सलिमानं वायर ओढून काढली. यात पाऊण तास गेला होता.

"सांग त्यांना फोडलं म्हणून," ती म्हणाली.

"सांगून काय श्वास येतोय?"

दवाखान्यांच्या रस्त्यावर रुग्णांचं साहित्य भाड्यानं देणारं धैर्यशीलचं दुकान होतं. धैर्यशील म्हणाला, "मशीन एकबी शिल्लक न्हाई, पावणं. शेवटचं परवा चंदगडला गेलं. दोन सिलिंडर हायत. डॉक्टरची चिठ्ठी?"

हुसेननं तेजस्वीला फोन लावला.

"चिठ्ठी कशाला? मशीन हाय नव्हं तुमच्याकडं?"

"आधी फोटो पाठवा, वहिनी. पाया पडतो."

फोटो आला. आधार कार्ड दुकानात ठेवून, सिलिंडर दोरीनं आवळून हुसेन निघाला. चौगुल्यांच्या दारात पोचला तेव्हा तीनला दहा कमी होते. तेजस्वी फाटकात उभी होती. तिनं टेम्पोत वाकून पाहिलं.

"मशीन?"

"फोडलं, वहिनी. मला वाटलं कूलर हाय."

"कूलर? सव्वीस वर्षं ह्योच धंदा करताय नव्हं? डोळं बी भंगारात घातलंसा काय?"

हुसेन सिलिंडरची दोरी सोडू लागला. आतून गणपतरावांच्या बायकोचा, अंबूबाईंचा आवाज आला. "तेजू, भांडायला उद्या हाय. आधी ते आत आणा."

गणपतराव पलंगावर दोन्ही हात टेकून पुढं झुकले होते. ओठ जांभळट. जुन्या सिलिंडरचा काटा तळाला टेकला होता. धैर्यशीलनं दाखवल्याप्रमाणे हुसेननं नवा जोडला. पाना दोनदा घसरला. नळीतून हवा आली. तेजस्वी अँब्युलन्सला फोन लावू लागली, तर गणपतरावांनी हात हलवून नकार दिला. मागच्या खेपेला दवाखान्यातून सुटायला एकोणीस दिवस लागले होते.

"मिनिटाला किती लिटरवर ठेवायचा?" हुसेननं विचारलं.

"रोज दोनावर असतोय," अंबूबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या गळ्याशी आत ओढल्या जाणाऱ्या खळीकडे त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग स्वतःच उठून त्यांनी काटा तीनावर नेला.

हुसेननं दुकानाच्या पावतीच्या पाठीवर हिशेब केला. दोनावर चाललं तर दोन सिलिंडर उद्या दुपारी चारपर्यंत पुरतात. तीनावर चाललं तर सकाळी आठच्या आत संपतात. उद्या रविवार आहे आणि सिलिंडर भरून देणारा डेपो रविवारी नऊ वाजता उघडतो.