सुटकेचा दाखला

आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस अमेरिकेत, पण मी काम करतो ते जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये. गाड्यांचे ब्रेक तपासणं हे आमचं काम. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मेल आली. तिकडे गुलामगिरी संपल्याचा दिवस, एकोणीस जून, आता कंपनीच्याही सुट्ट्यांच्या यादीत घेतलाय, अमेरिकेतली ऑफिसं बंद राहतील. जर्मनीत सुट्टी नाही, पण दुपारी कॅन्टीनमध्ये तासाभराचा कार्यक्रम आहे, ज्यांना यायचंय त्यांनी यावं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा तास कामाच्या वेळेत धरला जाणार नाही.

सातआठ जण जमलो. त्यात मी आणि माझा टीम लीड. तो पुण्याचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, रोज मला त्याच्या गाडीतून कामावर न्यायचा. बोलणार होती ती अमेरिकेतून वर्षभरासाठी आलेली कृष्णवर्णीय सहकारी, पन्नाशीची. तिने साध्या आवाजात सांगितलं की कायदा झाला तरी तिच्या पणजीच्या आईपर्यंत ती बातमी दोन वर्षांहून अधिक उशिरा पोचली. तोवर ती मालकाचा कापूसच वेचत होती. मग आम्हा दोघांकडे बघून तिने विचारलं, "तुमच्याकडे असा दिवस असतो का?"

लीड लगेच म्हणाला, "आमच्याकडे गुलामगिरी नव्हतीच कधी."

एचआरच्या जर्मन बाई "आख सो", म्हणजे असं होय, म्हणाल्या. मी समोरचा केक खात राहिलो. तोंड उघडलं ते तेवढ्यासाठीच.

माझे आजोबा एका बड्या शेतकऱ्याकडे वेठीला होते. स्वतःच्या लग्नाच्या खर्चापायी बांधले गेले, ते कायमचे. माझे वडील, म्हणजे आबा, त्याच माणसाच्या गोठ्यात सातव्या वर्षापासून शेण काढत होते. मला हे एवढंच, दोन ओळींत माहीत होतं. घरी कोणी त्यावर बोलत नसे. त्या संध्याकाळी आबांना फोन करून विचारलं, "आपण सुटलो ती तारीख कोणती?"

 ते म्हणाले, "वेठबिगारी बंद झाली म्हणून तालुक्याला बोलावलं होतं. साहेबानं दाखला दिला, आजपासून तुम्ही मोकळे म्हणून. त्याच्यावर तारीख होती."

"दाखला कुठाय?"

"घरी आलो तर धनी ओट्यावर बसलेले. म्हणाले, तुमच्या झोपडीत उंदीर खातील, आण इकडं, मी सांभाळतो. तुझ्या आजानं दिला."

"आणि मग?"

"मग काय? आणखी दोन पेरण्या तिथंच केल्या. कागद त्यांच्यापाशी, जाणार कुठं?"

पुढे रस्त्याच्या कामावर मजूर हवे होते, तेव्हा आबा न सांगता निघून गेले. आजोबा गेले नाहीत. ते त्याच गोठ्यात वारले. तो दाखला परत मागायला कोणी गेलं नाही, आणि तारीख आबांच्या लक्षात नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी लीडला सगळं सांगितलं. म्हणालो, "काल तुम्ही बोललात ते खरं नव्हतं."

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "अरे, असेल कुठे एखादं. पण बाहेरच्यांसमोर कशाला आपलं काढायचं?" सिग्नलला गाडी थांबली. मग त्याने अगदी सहज, शिळोप्याच्या गप्पांसारखं विचारलं, "पण मग तुम्ही नेमके कोण?"

पाच वर्षं मी त्याच्या घरी जेवत होतो. माझ्या आडनावावरून त्याने काही भलतंच धरलं होतं, आणि मीही त्याला तसं धरू दिलं होतं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाला, आणि रेडिओ लावला.

पुढच्या आठवड्यात त्याचं घरून काम वाढलं. मी बसने जायला लागलो. वहिनी दर गणपतीला स्वतः फोन करून बोलवायच्या, त्या वर्षी फोन आला नाही. ग्रुपवर मोदकांचे फोटो मात्र आले. माझ्या मुलीने ते पाहून जर्मनमध्ये विचारलं, आपण का नाही गेलो? मी म्हटलं, मला बरं नव्हतं. आबांनी जे गिळलं तेच मी तिच्यासाठीही गिळलं, आणि ते काही चांगलं केलं नाही, हे मला त्याच क्षणी कळत होतं.

अमेरिकेची सहकारी डिसेंबरात परत गेली. जायच्या आधी तिला गाठून खरं सांगावं असं मी अनेकदा ठरवलं. शेवटच्या दिवशी तिच्या टेबलाशी गेलो आणि प्रवासाच्या शुभेच्छा देऊन आलो.

पुढच्या वर्षी ती एकोणीस जूनची तारीख नेमकी फ्रोनलाइखनामला आली. हा इथला कॅथलिक सण, सगळं बायर्न राज्य बंद. कॅन्टीनमधला कार्यक्रम कंपनीने ठेवलाच नाही. सुट्टी आहेच, मग वेगळं कशाला. रस्त्यावरून मिरवणूक गेली, फुलं टाकलेली, बँड वाजत होता. मी खिडकीत उभा राहून आबांना फोन लावला.

"आज कामावर न्हाईस?" त्यांनी विचारलं.

"सुट्टी आहे."

"मालकाला विचारलंस न्हवं?"

त्यांना कंपनी म्हणजे काय, हे मी पूर्वी कितीदा तरी समजावलंय. या वेळी नाही समजावलं. "हो, विचारलंय," म्हणालो.

"मग ठीक," ते म्हणाले, आणि इकडे पाऊस आहे का, ते विचारायला लागले.