नवमीला सुटलेला शाफ्ट

होडी बाळगणाऱ्या माणसांकडे किस्से साठतात ते पाण्यावर कमी आणि काठावर जास्त. आमची होडी धरणात जितकी फिरली, त्याच्या दुप्पट आम्ही तिच्याविषयी काठावर बसून बोललो. हे किस्से सांगायचं काम मालाचं, म्हणजे माझ्या बायकोचं. ती असताना मी नुसता हसायचो. आता मंडळी जमली की माझ्याकडे बघतात. मग मी सांगतो.

*

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी आणि माझा मित्र विजय, आम्ही मुंबईहून एक जुनी शिडाची होडी घेतली. विजय सातपूरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. कागदावर त्याला काहीही जमायचं. कसारा घाट चढून ट्रक नाशिकच्या जकात नाक्यावर आला. नाक्यावरच्या माणसाने ताडपत्री उचलून पाहिलं.

"हे काय?"

"होडी," मी म्हणालो.

"नाशिकला?"

"हो."

त्याने रस्त्याकडे लांबवर नजर टाकली. "आणि समुद्र? मागच्या ट्रकमध्ये आहे का?"

*

होडीत एक छोटं डिझेल इंजिन होतं. ते चालायचं कमी, गळायचं जास्त. एक दिवस पाण्यावर तेलाचा तवंग दिसला आणि धरणावरचे साहेब थेट काठावर हजर झाले.

"हे पाणी शहर पितं. दसऱ्यापर्यंत इंजिन तरी बाहेर काढा, नाहीतर होडी तरी."

विजयचा चेहरा उतरला. इंजिनाशिवाय होडी ही कल्पनाच त्याला करवेना. मालाचं वेगळं होतं. ती नुकतीच नुसत्या शिडावर होडी चालवायला शिकली होती. सुट्टीच्या दिवशी आमच्याआधी तयार होऊन बसायची. होडी गेली असती तर सगळ्यात जास्त तिचं गेलं असतं.

ती साहेबांना शांतपणे म्हणाली, "इंजिनच काढतो. वारा काही गळत नाही."

*

इंजिन काढायला निफाडहून आमचे बापू आले. द्राक्षबागायतदार. विहिरीतल्या मोटारी वर काढण्यात त्यांचा हात बसलेला.

"त्यात काय हाय? मोटर काढतो तसंच काढायचं."

होडी काठाला बांधली. दोन बल्ल्या काठावर आणि एक पाण्यात रोवून बापूंनी तिवई उभी केली, तिला चेनपुली लटकवली आणि साखळी ओढायला सुरुवात केली. इंजिन हललं! आम्ही टाळ्या वाजवल्या. बापूंना आणखी जोर आला.

माला काठावर उभी होती. "बापू, सुकाणू पाण्याबाहेर आलंय."

बापूंनी वाकून पाहिलं. "आयला, इंजिन नाय, अख्खी होडीच वर येऊ राहिली."

इंजिनाच्या मागे एक लांब शाफ्ट असतो. तो होडीच्या तळातून बाहेर जातो आणि पाण्यातला पंखा फिरवतो. इंजिन उचलायच्या आधी तो सोडवायचा असतो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. विजयने तर त्याचं ड्रॉइंग काढलं होतं. तीन बाजूंनी.

*

शाफ्ट आणि इंजिन जोडणारं कपलिंग तळाच्या फळीखाली. फळी उचलली की वरून दिसायचं, पण खालच्या बोल्टांपर्यंत हात पोचायचा तो फक्त सडपातळ विजयचा. तोही उलटा शिरला तर. आठवडाभर आम्हाला त्याचे पायच दिसत होते.

"पाना द्या," पायांकडून आवाज यायचा.

"कुठला?"

"न घसरणारा."

माला चहा घेऊन आली. "विजयभाऊजी, चहा."

"ठेवा वहिनी, एवढा बोल्ट निघाला की आलोच."

"मग कप नाही ठेवत, थर्मासच ठेवते."

अष्टमीला संध्याकाळी शेवटचा बोल्ट निघाला. पण शाफ्टचं टोक कपलिंगमध्ये गंजून घट्ट बसलेलं. हातोडे मारले, तेल सोडलं, हलायला तयार नाही. बापूंनी हात पुसले.

"उद्या खंडेनवमी. उद्या हत्याराला हात नाय लावायचा. परवा दसऱ्याला काढू, मुहूर्तावर."

*

नवमीला सकाळी होडीतच पूजा मांडली. पाने, हातोडे, चेनपुली, सगळं ओळीने पाटावर. वर हळदकुंकू, झेंडू. बापूंनी नारळ हातात घेतला. फोडायला टणक जागा हवी. होडी फायबरची, काठावर चिखल. बापूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि नारळ कपलिंगवर आपटला.

नारळ फुटला. आणि आदल्या संध्याकाळी हातोड्याला न जुमानणारा शाफ्ट सुळकन मागे सरकला. पंखा सुकाणूला अडला म्हणून तो थांबला, पण आतलं टोक तळाच्या भोकातून निसटलं होतं. तिथून मनगटाएवढी धार उसळली.

शाफ्ट असा मागे जाऊ नये म्हणून विजयने खास क्लॅम्प आणला होता. तो पूजेत होता. विजयचा हात तिकडे गेला.

"हळद वाहिलीय त्याला," बापू म्हणाले. त्यांच्या दोन्ही हातांत नारळाच्या वाट्या तशाच.

मालाने जेवणाचा डबा उघडला. भाकरी, पिठलं, मुळे. त्यातला जाडजूड मुळा निवडला, गुडघ्यावर बसली आणि पिळत पिळत भोकात घुसवला. धार थांबली.

"याला तर नाही ना हळद लावली?" तिने बापूंना विचारलं.

तेवढ्यात काठावरून हाक आली. प्रसादाला बोलावलेले साहेब! बूट काढून, पॅन्ट दुमडून ते होडीत उतरले. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी इंजिनाला नमस्कार केला.

"सुटलं का?"

"सुटलं," माला म्हणाली. तिचे दोन्ही हात मुळ्यावर. "उद्या बाहेर."

"पाणी बरंच दिसतंय."

"नवमी ना, साहेब. आज सगळेच गाड्या धुतात."

"आतून?"

"आतूनसुद्धा."

साहेबांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. चावत चावत पाण्यातल्या आपल्या पायांकडे पाहिलं.

"आमच्या ड्रायव्हरला सांगायला पाहिजे," ते म्हणाले. "जीप नुसती वरून पुसतो."