मधली सीट रिकामी होती

खरं सांगायचं तर ह्या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आले. वाचायचे, नवऱ्याला फॉरवर्ड करायचे आणि दोघांनी हसायचं. वडील सायन्सचे शिक्षक होते, आमच्या घरी दृष्ट काढायलासुद्धा मनाई असायची. ते गेले, तरी घराचं वळण तेच राहिलं. त्यामुळे आज स्वतःच हे लिहायला बसले आहे, तर जरा ऑकवर्ड होतंय... पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं माहेर नागपूरचं, नंदनवनमधलं. आई, भाऊ आणि वहिनी तिथेच राहतात. मला दिवस गेलेले असतानाच नवरा, नीलेश, नोकरीसाठी जर्मनीला गेला, म्हणून मी आईकडे राहिले. बाळ झालं, त्याचं नाव निहार. काही महिन्यांतच माझं ऑफिस घरून सुरू झालं आणि निहार जवळजवळ आईचाच झाला. तेल लावणं, न्हाऊ घालणं, धुरी देणं, झोपवणं — सगळं तीच करायची. मी लॅपटॉपसमोरून उठायची ती दूध पाजण्यापुरती. त्याला झोप लागायची ती तिच्याच खांद्यावर. माझ्याकडे दिलं की मान वळवून तिला शोधायचा. तेव्हा मला ते सोयीचंच वाटत होतं.

आमचा व्हिसा आला. ‘तू पण चल’ असं मी आईला म्हटलं नाही. म्हणजे, म्हणायचं ठरवायची आणि मग तिकडचं एका खोलीचं घर, थंडी, तिचे गुडघे, इन्शुरन्स... एकेक कारण पुढे यायचं. तिनेही कधी विचारलं नाही. एक दिवस सीताबर्डीला जाऊन निहारसाठी लोकरीच्या टोप्या घेऊन आली. एक आत्ताच्या मापाची, बाकीच्या पुढच्या पुढच्या मापांच्या.

“तिकडं महाग असन,” एवढंच म्हणाली.

निघायच्या दिवशी सकाळी ती एअरपोर्टवर यायला तयार झाली नाही. फाटकापाशीच थांबली, निहार तिच्या कडेवर. मी हात पुढे केले, तर तो तिच्या पदराची मूठ सोडेना. एकेक बोट मीच सोडवलं. आईने चुरगळलेला पदर तेवढा सरळ केला. गाडी वळल्यावर निहार असा रडायला लागला की ड्रायव्हरने न सांगता गाणी बंद केली.

दिल्लीपर्यंत तो थकून झोपला. तिथून दुपारचं फ्रँकफर्टचं विमान होतं. आम्हाला भिंतीसमोरची रांग मिळाली होती, कारण तिथे बाळाचा पाळणा — बॅसिनेट — लावता येतो. मी खिडकीशी, मधली सीट रिकामी आणि कडेला एक वयस्क मल्याळी बाई. जर्मनीत आयुष्यभर नर्सची नोकरी करून रिटायर झालेल्या. हिंदी मोडकीतोडकी, पण स्वभाव मोकळा. मी त्यांना सिस्टर म्हणायला लागले.

विमान वर गेलं आणि निहारने जो सूर लावला तो थांबेचना. दूध झालं, खुळखुळा झाला, कडेवर घेऊन फेऱ्या झाल्या. मागच्या लोकांनी आधी कौतुकाने पाहिलं, मग कंटाळून. तो मात्र माझ्या खांद्यावरून सारखा मागे बघत होता, कोणाची तरी वाट पाहावी तसा. आणि मला मनापासून वाटलं — मी ह्या लेकराला त्याच्या आईपासून पळवून नेतेय.

शेवटी हुंदके देत तो जरा गप्प झाला. मी त्याला बॅसिनेटमध्ये ठेवलं, वर दुपटं नुसतं पसरलं आणि डोळे मिटले. मिनिटभरच, असं मला वाटलं.

जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन तोंडावर येत होतं आणि सगळं शांत होतं. मी धडपडून उठले. निहार गाढ झोपला होता. तोंड पुसलेलं, दुपटं अंगाभोवती घट्ट गुंडाळलेलं. मी सिस्टरना थँक यू म्हटलं. त्या हसल्या. म्हणाल्या, मी काहीच केलं नाही, तुमच्या आईनेच तर घेतलं त्याला. आणि मधल्या सीटवर हात ठेवला. “कितीतरी वेळ इथे बसल्या होत्या.”

मी म्हटलं, माझी आई नागपूरला आहे. त्यांना ती थट्टाच वाटली. मग त्यांनी सांगितलं, की मला झोप लागली आणि बाळ पुन्हा किंचाळायला लागलं. त्या उठणारच होत्या, तेवढ्यात मागून एक ठेंगणी, पिकल्या केसांची, साडीतली बाई आली. सिस्टरनी पाय आवरून तिला वाट दिली. तिने निहारला उचललं, खांद्यावर घेतलं आणि थापटत बसली. कसं, ते सिस्टरनी सीटच्या हातावर करून दाखवलं. दोन हलक्या थापा, जरा थांबून एक जड.

आईचं माहेर उमरेडचं, विणकरांचं. घरातच हातमाग होते. त्या मागाच्या ठेक्यात ती वाढली आणि लेकरांना थापटते तीही त्याच ठेक्यात. भावाला आणि मला तिने असंच झोपवलंय.

मी गार पडले. पण सिस्टर पुढे म्हणाल्या, त्या बाईंच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, हळदीने पिवळी झालेली, वर रक्त आलेलं. नर्सची नजर, म्हणून लक्षात राहिलं. चांगली पट्टी देऊ का विचारलं, तर बाईंनी नुसती मान हलवली.

हे ऐकून मला हायसं वाटलं. आईच्या अंगठ्याला काहीच झालेलं नव्हतं. सकाळीच तर तिने माझ्या हातावर दही ठेवलं होतं. म्हणजे ही दुसरी कोणी तरी भली आजी. तिचे आभार मानावेत म्हणून मी शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन आले. साडीतल्या बायका होत्या, पण अंगठ्याला चिंधी असलेली एकही नव्हती. एअरहोस्टेसने मधल्या सीटवर कोणाला पाहिलं नव्हतं... पण ती तेव्हा जेवण वाटत होती.

दुसऱ्या दिवशी घरी फोन केला. आई अंघोळीला गेली होती, वहिनीने उचलला. मी काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, “ताई, तुम्ही काल गेल्या नं, त्याच्या मागंच आईनं विळीवर अंगठा कापून घेतला. भाजी चिरून राहिल्या होत्या, ध्यान नव्हतं.”

मी विचारलं, नंतर बरी होती ना ती? वहिनी जरा घुटमळली. म्हणाली, “दुपारी चहा घेऊन गेली मी, तर निहारच्या पलंगावर बसल्या होत्या. हात असे छातीशी धरून डोलून राहिल्या होत्या. हाक मारली तर ऐकूच नाही ये. मी घाबरली, खांदा हलवला, तर म्हणतात कशा — थांब जरा, आत्ताच डोळा लागला त्याचा.”

नीलेश म्हणतो, योगायोग. आईला नातवाची आठवण आली, सिस्टरनी कोणाला तरी पाहिलं, बाकीचं माझ्या दमलेल्या डोक्याने जुळवलं. असेलही. सिस्टरचा नंबर घ्यायचं मला सुचलं नाही, त्यामुळे पुन्हा विचारायचीही सोय नाही. आईला विचारायचा धीर मात्र बरेच दिवस होत नव्हता. शेवटी एकदा व्हिडिओ कॉलवर सरळ विचारलं.

“मले काय माहीत वं बाई. हात रिकामे वाटून राहिले होते, मंग भरल्यासारखे झाले. एवढंच याद आहे.” मग तिनेच विचारलं, “तुले लागली होती नं झोप?”

मी हो म्हटलं.

“मंग झालं,” म्हणाली आणि निहारशी बोलायला लागली.

ह्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. भीती मात्र वाटत नाही, लाज वाटते. तिला मागे ठेवून निघाले आणि अर्ध्या वाटेत लेकरू पुन्हा तिच्याच खांद्यावर टाकून झोपून गेले.