बिनवापराची जागा

माझे यजमान मंगळवारी सकाळी गेले. दुपारी त्यांना नेले.

आमचे घर दोन खोल्यांचे. संस्थानाने कधीकाळी आपल्या कारकुनांसाठी बांधलेल्या सात घरांच्या ओळीतले तिसरे. दोन घरांत मिळून एकच जाड भिंत, त्यामुळे बांधताना खर्च कमी आणि उन्हाळ्यात आत गारवा. मागे प्रत्येकाला वीतभर अंगण, आणि शेजारच्या अंगणात जायला मधल्या भिंतीत बुटके दार. या दारांना कड्या नाहीत. कार्य असो की दुखवटा, सहाही दारे उघडतात आणि ओळीचे एक घर होते. त्या मंगळवारी माणसे सात अंगणांत उभी होती. रस्त्यावर कुणालाच थांबावे लागले नाही. पुढचे दिवस शेजारच्या गुजराती बेनकडची खिचडी-कढी त्याच दारातून वाकून येत राहिली.

तेराव्यानंतर बिल्डरचा माणूस आला. ओळ पाडायची, वर मजले चढवायचे. आम्हाला शहराबाहेर, मकरपुऱ्याच्या पुढे, परवडणाऱ्या घरांच्या योजनेत फ्लॅट. सहा घरांनी सह्या केल्या होत्या. सातवी, म्हणजे माझी, झाल्याशिवाय त्याचे काम हलणार नव्हते.

"बेन, आटला नाना घरमां केम रहेवाय?" त्याने विचारले.

"चाळीस वर्षं राहते आहे या लहानशा घरात. तुमचा फ्लॅट केवढा?"

त्याने सांगितले. आमच्या दोन खोल्यांएवढाच.

"मग तोही नानोच की."

शेजारीण मधल्या दारात उभी होती. ती हसली. "भाई, आ तो मास्तराणी छे. एमने नकशो बतावो, आखो वांची जशे."

नकाशा मी खरोखरच सगळा वाचला. यजमान कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. संसारात राहून रेघा कळायला लागतात. अंगणांवर तिरप्या रेघा मारून लिहिले होते, 'बिनवापराची जागा'. मधली सहा दारे नकाशात दाखवलीच नव्हती.

"इथे पंधरा दिवसांपूर्वी माणसं उभी होती," मी म्हटले. "तुमच्या फ्लॅटमध्ये कुणी वारलं तर ती कुठे उभी राहणार?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "पार्किंगमां, बेन."

त्याने सहीसाठी दिलेल्या पेनाला मी टोपण लावले.

तो गेल्यावर शेजारीण म्हणाली, "तुझं ठीक आहे. माझे घूंटण बघ, गुडघे गेले. मागच्या दोन पायऱ्या उतरताना जीव जातो. म्हणून सही केली मी."

"मग पायऱ्यांचा उतार करून घेऊ. त्यासाठी सात घरं पाडायला नकोत."

"बहु जिद्दी छे तू."

"हो."

मी भांडकुदळ नाही. मास्तराणी म्हणतात तरी आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात हळू बोलण्यात गेले. पण ज्या कुणी ही ओळ आखली, त्याला तुटपुंज्या पगाराच्या माणसाला काय लागते ते माहीत होते. त्याने खोल्या लहान ठेवल्या आणि शेजार मोठा दिला. आजच्या योजनेत लहान खोल्या तेवढ्या उचलल्या आहेत. त्याला मी परवडणारे घर म्हणणार नाही, कुणी कितीही वेळा कागद पुढे केला तरी.

शेजारणीच्या मागच्या दाराशी आता पायऱ्यांच्या जागी सिमेंटचा उतार आहे. तिने सही मागे घेतलेली नाही. सात घरे उभी आहेत. माझी सही झालेली नाही.