वळणावरची हाक

सगुणदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरगाव बंदरात, आमच्या ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. पलीकडून वैनी एवढंच म्हणाली, "भावजीनू, ते गेले." मी "येतो" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि तिथेच पायरीवर बसलो. दुःख नंतर आलं. आधी आली ती भीती, खोटं कशाला बोलू? दादा गेला त्याचं मूळ दोन वर्षांपूर्वीच्या एका सकाळीत होतं, आणि त्या सकाळी काय घडलं हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक आता उरला नव्हता.

दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आमचं घराणं मूळचं सावंतवाडीकडचं. आमच्या दोघांचे वडील कामासाठी डिचोलीला आले आणि तिथल्या सर्वण गावात स्थिरावले. दादाने उमेदीची सगळी वर्षं खाणीवर ट्रक चालवला. खनिजाने भरलेला ट्रक उतारावरून सोडताना त्याचा हात कधी थरथरला नाही. पण खाणी बंद पडल्या, तो घरामागच्या डोंगरावरची काजूची बाग बघू लागला, आणि पायी चालणारा सगुणदादा हा आमच्या वस्तीतला, अख्ख्या वाड्यातला सगळ्यात भित्रा माणूस निघाला. त्याला जनावरांची भीती वाटायची. साधीसुधी नव्हे, अंगावर काटा आणणारी भीती.

आणि गंमत अशी, की गावात सगळ्यात जास्त जनावरं त्यालाच दिसायची. श्रावणात साळींदर येऊन सुरणाचे कंद उकरून जायचं. एकदा दादाने त्याचा गळून पडलेला काटा चिमट्याने उचलून माझ्यापुढे धरलं होतं. भात पोटरीला आलं की रानडुकरं. दिवाळीनंतर नदीकाठच्या चिखलात पाणमांजरांची पावलं. थंडीत एके पहाटे शेजाऱ्यांचा कुत्रा साखळीसकट नाहीसा झाला, तेव्हा बिबट्या माडाखालून कसा गेला असेल हे दादाने मातीवर वाकून मला दाखवलं, आणि दाखवता दाखवता त्याचा स्वतःचाच आवाज बसला. आणि काजूला बोंडं लागली, त्यांचा आंबूस गोड वास डोंगरभर पसरला, की गवेरेडे. "दिनू, गोठ्याचो वास इलो आणि गोठो दिसलो नाय, तर हलू नको," हे त्याने मला किती वेळा बजावलं असेल! पेडण्यात हत्ती उतरला त्या वर्षी तर तिथेच केरीला दिलेल्या बहिणीकडे जायचंच त्याने सोडलं. रोज सकाळी तिला फोन करून आधी हत्तीची चौकशी, मग तिच्या तब्येतीची. आम्ही हसून हसून लोटपोट व्हायचो.

सगळ्यात जास्त चेष्टा व्हायची ती त्याच्या हाकेची. खाणीच्या रस्त्यावर प्रत्येक आंधळ्या वळणाआधी हॉर्न मारायचा, समोरून उत्तर येतंय का ते ऐकायचं आणि मगच ट्रक घालायचा, ही ड्रायव्हर लोकांची रीत. ट्रक सुटला, रीत नाही सुटली. बागेच्या पायवाटेला तीन वळणं. प्रत्येक वळणाआधी दादा थांबायचा, टोकाला खिळा ठोकलेली बोंडं टिपायची काठी जमिनीवर दोनदा आपटायचा आणि मोठ्याने ओरडायचा, "इलंय रे... वाट सोडा रे..." मग तीन श्वास होईपर्यंत गप्प उभा. मगच पुढचं पाऊल. वाड्यातली माणसं म्हणायची, सगुणचा हॉर्न वाजला, आता चहा ठेवा. मीसुद्धा एकदा विचारलं, दादा, एवढी भीती वाटते तर जातोस कशाला? तो अगदी शांतपणे म्हणाला, "भियेतंय म्हणान रोज घराक येतंय."

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी सुट्टीला आलो होतो. ऑफिसातल्या मित्रांना मी गवेरेड्यांच्या गोष्टी सांगून सांगून पकवलं होतं आणि त्यांचा एकच प्रश्न असायचा, फोटो कुठाय? त्या सकाळी उजाडता उजाडता मी दादाबरोबर बागेत निघालो. पहिल्या वळणाआधी तो थांबला, काठी उचलली, आणि मी त्याचा हात धरला. म्हटलं, "दादा, आज हाक मारू नको हां. माका व्हिडिओ काढूचो आसा." त्याने माझ्याकडे पाहिलं. धाकटा भाऊ चार दिवसांसाठी घरी आलाय, त्याचं मन कसं मोडायचं, एवढंच त्या नजरेत होतं. त्याने काठी खाली घेतली. आम्ही पहिलं वळण गुपचूप पार केलं. दुसऱ्या वळणाशी गोठ्याचा वास आला. मला तो कळला, आणि तरीही मी मोबाइल वर धरून पुढे झालो... दहा-बारा पावलांवर गवी होती, आणि तिच्या पोटाशी तपकिरी वासरू. मला तिचा फुसकारा ऐकू आला. पुढचं नीट आठवत नाही. दादाने माझी कॉलर धरली आणि मला काजूच्या बुंध्यामागे फेकलं. अख्ख्या वाड्यातला सगळ्यात भित्रा माणूस! मी बुंध्यामागे होतो आणि तो वाटेवर.

गवीच्या धडकेने त्याच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. खाली आणताना, दुखण्याने ओठ पांढरे पडलेले असताना तो मला म्हणाला, "वैनीक सांगू नको. पाय घसरलो म्हणान सांग." मी तसंच सांगितलं. ऑपरेशन झालं, पण तो पुन्हा डोंगर चढला नाही. खुर्ची आणि खाट, खाट आणि खुर्ची. बसून बसून छाती भरत गेली आणि या जानेवारीत तो गेला. दोन वर्षं मी जवळजवळ दर शनिवारी बसने सर्वणला यायचो. तो मला जनावरांचं विचारायचा, मी वाटेत कोल्हा दिसला, मुंगूस दिसलं असं काहीबाही सांगायचो. त्या सकाळबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही. त्याने मला माफ केलं होतं, हे मला कळत होतं. भीती होती ती वैनीची. तिला कधी कळलं तर मी त्या घराच्या उंबऱ्यात पाय कसा ठेवणार?

दादाचं दिवसकार्य झाल्यावर काजूचा हंगाम आला. गेल्या आठवड्यात वैनी म्हणाली, बोंडं गळायला लागलीत, माझ्याबरोबर वर चला. नाही कसं म्हणू? कोवळ्या उन्हात आम्ही निघालो. दादाची काठी तिच्या हातात. पहिलं वळण आलं तशी ती थांबली. वैनी वळणाकडे बघत म्हणाली, "मी रोज न्हाणयेकडे पाणी तापयताना हाक ऐकी. एक, दोन, तीन. मगे समजायचा, पोचले. त्या दिसा एकपण हाक इली नाय, भावजीनू. तेव्हाच माका कळला." मी तिच्याकडे पाहूच शकलो नाही. दोन वर्षं ती मला चहा देत होती, जेवायला वाढत होती, आणि दादाची हाक कुणी थांबवली हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिने काठी माझ्या हातात दिली. "आता तुमीच मारा," म्हणाली.

मी काठी दोनदा आपटली. "इलंय रे..." आवाज फाटला. पुन्हा ओरडलो, "इलंय रे... वाट सोडा रे..." आणि तीन श्वास थांबलो. तिसऱ्या श्वासाला वळणापलीकडे सुक्या पाचोळ्यात काहीतरी जड उठलं आणि सावकाश खालच्या ओहोळाकडे निघून गेलं. काय होतं ते मी पाहिलं नाही. मोबाइल खिशात होता, तो खिशातच राहिला. पाचोळा पुरता शांत झाल्यावर वैनी पुढे झाली आणि मी तिच्या मागून दुसऱ्या वळणाकडे चालू लागलो.